रेसिंग सीट बसवायचीय? आधी आरसी बघा, मग सीटखालची पिवळी वायर

कुडाळपासून चिपळूणपर्यंत हल्ली कुठल्याही कार अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात थोडा वेळ उभे राहा, एक प्रश्न हमखास कानावर येतो, की स्विफ्टमध्ये नायतर थारमध्ये ती लाल-काळी बकेट सीट बसवली तर आरटीओ पकडतो काय. दुकानदार म्हणतो काय नाय होत, बिनधास्त बसवा. सोबत आलेला मित्र म्हणतो अरे सुप्रीम कोर्टाने सगळ्या मॉडिफिकेशनवर बंदी घातलीय, सहा महिने जेल आहे. दोघंही अर्धंच सांगतायत, आणि उरलेलं अर्धं न कळल्यामुळे पोरं पंधरा-वीस हजार घालून चांगली सीट काढून तिच्याजागी जास्त धोक्याची सीट बसवून घेतात. म्हणून हे जरा नीट, सावकाश सांगतो.

रेसिंग सीट म्हणजे नेमकं काय

कंपनीच्या सीटला पाठ मागे-पुढे करता येते, हेडरेस्ट वरखाली होतो, फोम जाड असतो. रेसिंगची खरी बकेट सीट म्हणजे फायबर किंवा कार्बनचं एकसंध कवच, वर पातळ गादी, पाठ अजिबात झुकत नाही आणि खांद्यापाशी-कमरेपाशी उंच कडा, म्हणजे वळणावर माणूस बाजूला सरकत नाही. वजनाला हलकी असते. खांद्यावर दोन आणि कमरेला दोन, शिवाय मांड्यांमधून एक-दोन असे पट्टे ओवायला तिला भोकं असतात. दुसरा प्रकार दिसायला तशीच पण पाठ झुकणारी, बाजारात जास्त हीच विकली जाते. आणि तिसरा प्रकार म्हणजे नुसता देखावा, आत पाइपची फ्रेम, वर रेक्झिन आणि कुठल्या तरी नामांकित ब्रँडचं नाव शिवलेलं. आपल्याकडे स्वस्तात मिळते ती बहुतेक ही तिसरीच.

कायदा सुरू होतो आरसीपासून

मोटार वाहन कायदा १९८८ चा, त्यातलं कलम ५२ म्हणजे गाडीत फेरबदल करण्याबद्दलचं कलम. त्याचा साधा अर्थ असा की कंपनीने गाडीचा जो तपशील दिलाय आणि जो आरसीवर चढलाय, त्याच्याशी जुळणार नाही असा बदल मालकाने करायचा नाही. आता स्वतःची आरसी काढून बघा. इंजिन नंबर, चासी नंबर, रंग, इंधन, सीसी, बॉडीचा प्रकार, रिकाम्या गाडीचं वजन आणि आसनक्षमता, असं काय काय त्यावर असतं. सीट कुठल्या कंपनीची, कापडाची की लेदरची, हे कुठेच नसतं.

म्हणून पुढच्या दोन सीट काढल्या आणि त्याजागी दुसऱ्या दोन लावल्या, तर आरसीवरची आसनक्षमता ५ होती ती ५ च राहिली, कागदावर फरक दिसत नाही. पण काही जण रेसिंगच्या हौसेपायी मागची बाक काढून टाकतात, तिथे रोल केज म्हणजे छत आत चेपू नये म्हणून लावतात तो लोखंडी पिंजरा बसवतात आणि गाडी दोन सीटांची करून टाकतात. तिथे आसनक्षमता बदलली, वजन बदललं, आणि आरसी एक सांगते गाडी दुसरंच सांगते. यात कुठलीही पळवाट नाही, हे सरळ कलम ५२ चं उल्लंघन आहे.

मग सुप्रीम कोर्टाने बंदी घातली ते काय होतं?

तो निकाल जानेवारी २०१९ चा, केरळमधून गेलेलं प्रकरण होतं, न्यायमूर्ती अरुण मिश्रा आणि विनीत सरन यांचं खंडपीठ. केरळ हायकोर्टाने फेरबदलांना जी ढील दिली होती ती सुप्रीम कोर्टाने काढून घेतली आणि सांगितलं की कंपनीने दिलेला आणि नोंदणीत आलेला मूळ तपशील मालकाला बदलता येणार नाही. बातम्यांचे मथळे मात्र सगळं मॉडिफिकेशन बेकायदा असे झळकले आणि तेच व्हॉट्सअ‍ॅपवर आजपर्यंत फिरतंय. निकालाचा भर नोंदणीतल्या तपशिलावर आहे, गाडीतल्या प्रत्येक वस्तूवर नाही. नायतर फ्लोअर मॅट बदलली तरी गुन्हा झाला असता.

आरसीवर नाही म्हणजे मोकळं रान, असंही नाही

इथेच दुकानदाराचं अर्धं सत्य संपतं. कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली आणि कलम १८२ए नव्या रूपात आलं. त्यातल्या चौथ्या पोटकलमात म्हटलंय की कायद्याने किंवा त्याखालच्या नियमांनी परवानगी नसलेला फेरबदल मालकाने केला, सुटे भाग नव्याने बसवणं धरून, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरबदलाला ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. प्रत्येक फेरबदलाला, हे शब्द लक्षात ठेवा. आणि इथे नुसती आरसी नाही, नियमही आले. म्हणजे १९८९ चे केंद्रीय मोटार वाहन नियम.

या नियमांत टाइप अप्रूव्हल म्हणून एक पद्धत आहे. कुठलंही मॉडेल विकायला काढण्याआधी कंपनीला नमुना गाडी सरकारमान्य संस्थेकडे तपासून घ्यावी लागते, आपल्या जवळची म्हणजे पुण्याची एआरएआय. तिथे सीट किती जोर सहन करते, ती जमिनीला जिथे अडकते ते सांधे, हेडरेस्ट, सीटबेल्ट, बेल्टची टोकं जिथे बसतात त्या जागा, सगळं ठरलेल्या मानकांनुसार तपासलं जातं. नियम १२५ मध्ये सीटबेल्टची सक्ती आहे आणि तो बेल्ट मानकात बसणारा लागतो. तुम्ही सीट बदलताना त्या पास झालेल्या जोडणीतला एखादा भाग निकामी केलात, तर सीट आरसीवर लिहिलेली नाही हे म्हणणं फारसं कामाचं राहत नाही. बुल बारचं असंच झालं. गाडीपुढचा तो लोखंडी दांडाही आरसीवर नसतो, तरी डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राच्या परिवहन मंत्रालयाने राज्यांना पत्र पाठवून त्यावर कारवाई करायला सांगितलं आणि आधार दिला तो कलम ५२ चाच.

तर सरळ उत्तर असं. रेसिंग सीटवर नाव घेऊन बंदी नाही, पण ती तुमच्या गाडीत चालते असं सांगणारा मान्यतेचा कागदही बाजारातल्या सीटबरोबर येत नाही. जर्मनीत बाहेरच्या सीटला त्या त्या गाडीसाठी मंजुरी मिळते, ती नसेल तर तपासनीसाकडून गाडी पास करून कागदावर नोंद घ्यावी लागते, मग ती सीट रस्त्यावर कायदेशीर. आपल्याकडे हौशी गाडीवाल्याला असा सोपा रस्ता नाही. दिव्यांग व्यक्तीसाठी गाडी जुळवून घ्यायची असेल तर मात्र कायद्याने वाट ठेवलीय, आरटीओची मंजुरी घेऊन ते करता येतं, आणि ही तरतूद फार कमी लोकांना माहीत आहे म्हणून मुद्दाम सांगतोय.

सीट काढली की सोबत काय काय जातं

कायद्यापेक्षा मला ही बाब जास्त महत्त्वाची वाटते. ड्रायव्हर सीट मागे सरकवा आणि टॉर्च मारून खाली बघा. बहुतेक गाड्यांत पिवळ्या रंगाचं कनेक्टर दिसेल. पिवळा रंग एअरबॅगच्या वायरिंगचा. हल्ली लहान गाड्यांतही सहा एअरबॅग येतात, त्यातल्या दोन समोर, दोन छताच्या कडेला पडद्यासारख्या आणि दोन पुढच्या सीटच्या पाठीत, दरवाजाच्या बाजूला शिवलेल्या. म्हणजे सीट काढली की साइड एअरबॅग सीटबरोबर गेली. तुम्ही सहा एअरबॅगचे पैसे दिले आणि पुढच्या दोन्ही सीट बदलून चारवर आलात, आणि गेल्या त्या दरवाजावर धडक बसते तिथल्या, जिथे तुमच्या बरगड्या आणि बाहेरची गाडी यांच्यामध्ये फक्त पत्र्याचा दरवाजा असतो.

दुसरं, बऱ्याच गाड्यांत बेल्टचं बक्कल सीटलाच बोल्ट केलेलं असतं आणि सीटबरोबर पुढेमागे सरकतं. काही गाड्यांत त्याच बक्कलमध्ये प्रीटेन्शनर असतो, म्हणजे धडक होताच छोटासा स्फोट होऊन बेल्ट खेचून घट्ट करणारं यंत्र. नवीन सीटवर ते बक्कल कुठे लावायचं? मेकॅनिक एक पट्टी वेल्ड करतो आणि लावतो. हा वेल्ड तुमचा जीव धरून ठेवणार आहे. तिसरं म्हणजे सेन्सर. १ जुलै २०१९ पासून नवीन गाड्यांना ड्रायव्हर आणि शेजारचा अशा दोघांसाठी बेल्टची आठवण करून देणारा आवाज सक्तीचा आहे, आणि शेजारी कोणी बसलंय की नाही हे ओळखणारा सेन्सर गादीत असतो, तोही सीटबरोबर जातो.

मग डॅशबोर्डवर एअरबॅगचा लाल दिवा पेटतो. तो विझवायला कनेक्टरमध्ये दोन-अडीच ओहमचा रेझिस्टर खोचतात, म्हणजे कॉम्प्युटरला वाटतं एअरबॅग जागेवर आहे. दिवा जातो, मालक खूश. याच्याइतकी वाईट गोष्ट नाही, कारण नंतर ती गाडी जो सेकंडहँड घेईल त्याला कधी कळणारच नाही की आत एअरबॅग नाही. आणि दिवा तसाच पेटता ठेवलात तर काही गाड्यांत पूर्ण एअरबॅग यंत्रणाच झोपते, स्टिअरिंगमधलीसुद्धा.

बोल्ट, पत्रा आणि आपली खारी हवा

आता जोराचा हिशोब करू. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी भिंतीवर आदळून साधारण साठ सेंटिमीटरात थांबली, तर आत बसलेल्या ७० किलोच्या माणसावर सरासरी सोळापट वजनाचा जोर येतो, म्हणजे अकराशे किलोच्या पुढे. हा सरासरी जोर, क्षणभराचा त्याहून जास्त. म्हणूनच आंतरराष्ट्रीय नियमांत सीट आणि तिचे सांधे सीटच्या वजनाच्या वीसपट जोराला तपासतात, आणि साध्या कारच्या बेल्टच्या टोकांवर खांद्याच्या आणि कमरेच्या पट्ट्यातून प्रत्येकी साडेतेरा हजार न्यूटन, म्हणजे जवळपास चौदाशे किलोची ओढ लावून बघतात. होडी बांधताना दोर कितीही जाड घेतला आणि खुंटा नुसता रेतीत रोवला असेल तर भरतीला होडी खुंट्यासकट जाते, सीटचंही अगदी तेच आहे. दोन लाखांची इम्पोर्टेड सीट गॅरेजमध्ये कापलेल्या अँगलवर बसवली तर ती त्या अँगलच्याच लायकीची.

आणि आपण राहतो कुठे हे विसरून चालत नाही. मालवण, वेंगुर्ला, हर्णै, दापोली, समुद्राची हवा वर्षभर आणि चार महिने धो धो पाऊस, ओल्या छत्र्या आणि चपला गाडीत, मॅटखाली कायम दमट. सीटचे बोल्ट ज्या पत्र्यात बसतात त्याला मॅटखालून गंज चढतो आणि वरून काही कळत नाही. कंपनीचा पत्रा रंग आणि गंजरोधक थर देऊन आलेला असतो, गॅरेजवाल्याने वेल्ड करताना तो थर जळतो आणि दोन पावसाळ्यांत तिथे लाल पावडर पडायला लागते. चिपळूणला २२ जुलै २०२१ ला जो पूर आला त्यात कितीतरी गाड्या पाण्यात होत्या. बऱ्याच गाड्यांत एअरबॅगचा कंट्रोल युनिट मधल्या कन्सोलखाली अगदी जमिनीलगत असतो, त्यामुळे पाण्यात उभी राहिलेली गाडी कोणी घेतली असेल तर त्याने सीट बदलायचं सोडा, आधी ती वायरिंग अधिकृत ठिकाणी तपासून घ्यावी.

पण हिच्यावर एफआयएचं लेबल आहे ना!

एफआयए ही जगातल्या मोटार शर्यतींची संघटना. तिची सीटची मानकं खरीच कडक आहेत, ८८५५-१९९९ हे त्यातलं प्रसिद्ध मानक. पण ते शर्यतीच्या गाडीसाठी आहे, जिथे पिंजरा असतो, पाच-सहा पट्ट्यांचा हार्नेस असतो, डोक्यात हेल्मेट आणि मानेला आधार असतो. रस्त्याच्या मान्यतेशी त्या लेबलचा काही संबंध नाही. शिवाय त्या मानकाच्या सीटचं आयुष्यच पाच वर्षांचं धरलेलं असतं, त्यानंतर शर्यतीत ती चालत नाही, म्हणजे सेकंडहँड रेसिंग सीट घेताना लेबलवरचं साल बघायलाच हवं. आणि नकली सीटवर नकली लेबल शिवायला कितीसा वेळ लागतो.

चार पट्ट्यांचा बेल्ट जास्त सेफ असतो की

ट्रॅकवर हो. रस्त्यावरच्या साध्या गाडीत नाही. साधा तीन टोकांचा बेल्ट लावून गाडी उलटली आणि छत खाली आलं तर शरीर थोडं बाजूला झुकू शकतं. चारही पट्ट्यांनी खांदे सीटला बांधलेले असतील आणि वर पिंजरा नसेल तर डोकं ताठ राहतं आणि छत त्यावर येतं. दुसरं, मांड्यांमधला पट्टा नसलेला चार टोकांचा हार्नेस धडकेत वर सरकतो, कमरेचा पट्टा हाडावरून पोटावर जातो आणि माणूस खालून निसटतो. खांद्याचे पट्टे मागे जमिनीला खाली बांधले असतील तर तोच जोर मणक्यावर दाबला जातो. आणि कायद्याने मान्य बेल्ट काढून टाकला असेल तर कलम १९४बी प्रमाणे बेल्ट न लावल्याचा १,००० रुपयांचा दंड वेगळा, पण त्याचं मला एवढं काही वाटत नाही, छताचं वाटतं.

थारवाल्यांसाठी एक वेगळं. तीन दरवाजांच्या थारमध्ये मागच्यांना आत-बाहेर करायला पुढची सीट दुमडावी लागते. तिथे न दुमडणारी बकेट सीट लावलीत तर मागे बसलेल्या माणसाला बाहेर पडायला वाट नाही. आग लागली, गाडी वहाळात गेली तर? मागे बहुतेक वेळा पोरंच बसलेली असतात.

पकडतो कोण पण?

खरं आहे, कशेडीत किंवा बांद्याच्या नाक्यावर पोलीस सीटचा ब्रँड बघत बसत नाहीत. खासगी गाडीची तपासणी पंधरा वर्षांनी आरसी रिन्यू करताना होते, म्हणजे मधे कोणी विचारत नाही. टूरिस्टच्या पिवळ्या पाटीच्या गाडीला मात्र फिटनेस करावा लागतो, पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि मग दरवर्षी, तिथे अडकू शकतं.

खरा कागद उघडतो तो अपघातानंतर. विमा कंपनीचा सर्व्हेअर फोटो काढतो आणि पॉलिसीत गाडीतले बदल कळवायची अट असते. न कळवलेल्या बदलामुळे नुकसान किंवा इजा वाढली असं कंपनीने म्हटलं की क्लेम लटकतो, आणि शेजारी बसलेल्या माणसाला इजा झाली असेल तर प्रश्न पैशावर थांबत नाही, ती सीट कोणी बसवली हा प्रश्न येतो. त्याचं उत्तर दुकानदार देणार नाही, बिलावर त्याने बरेचदा नुसतं सीट अ‍ॅक्सेसरीज लिहिलेलं असतं.

आमची पाठ दुखते त्याचं काय?

हे कारण मला सगळ्यात खरं वाटतं. मुंबई-गोवा हायवेचं काम किती वर्षं चाललंय सगळ्यांना ठाऊक आहे, पनवेलपासून सावंतवाडीपर्यंत गाडी चालवून आलेल्या माणसाला सीट बदलावीशी वाटली तर त्याचं काही चुकलं नाही. पण न झुकणारी पातळ गादीची बकेट सीट खड्ड्यांत पाठीला आराम देत नाही, ती वळणावर धरून ठेवायला बनवलेली आहे. त्यापेक्षा कमरेमागे चांगला लंबर सपोर्ट घ्या, सीटची उंची आणि स्टिअरिंगचं अंतर नीट लावा, जुना फोम बसला असेल तर फक्त मधला आणि खालचा भाग भरून घ्या, दरवाजाकडच्या कडेला हात लावू देऊ नका. त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटची कंपनीची सीट हाही एक पर्याय आहे, सांधे बहुधा तेच असतात, पण वायरिंग जुळतं की नाही हे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून लेखी घेतल्याशिवाय नको.

जाता जाता सीट कव्हरबद्दल, कारण रेसिंग सीट शंभरातले दोघं बसवतील पण कव्हर सगळेच घालतात. साइड एअरबॅग असलेल्या सीटला चारही बाजूंनी घट्ट लेदरेटचं कव्हर शिवलं तर एअरबॅग बाहेर यायची शिवण झाकली जाते, आणि ती काही हजारांश सेकंदांत फुगायची असते, कव्हर फाडत बसायला तिला वेळ नसतो. सीटच्या कडेला एअरबॅग लिहिलेला छोटा टॅग असेल तर त्या बाजूला उघडं असलेलं किंवा फाटण्यासाठी खास शिवण दिलेलंच कव्हर घ्या. नवीन गाडी घेताना शोरूममध्ये फुकट म्हणून घालून देतात त्यालाही हा प्रश्न विचारा.

तरीही बसवायचीच असेल तर

जुनी गाडी असेल, सीटमध्ये एअरबॅग नसेल, बक्कल सीटवर नसून गाडीच्या जमिनीला असेल, तर धोका बराच कमी होतो. तेव्हाही पाठ झुकणारी आणि हेडरेस्टवाली सीट घ्या, त्याच मॉडेलसाठी बनवलेला बेस फ्रेम घ्या, वेल्डिंग नको, कंपनीच्याच चार जागी कंपनीच्याच ताकदीचे बोल्ट आणि मूळचा तीन टोकांचा बेल्ट तसाच ठेवा. मागची सीट काढायची नाही. विमा कंपनीला मेल करा आणि उत्तर जपून ठेवा. आपल्या आरटीओत, एमएच-०७ असो की एमएच-०८, साध्या अर्जात सीटचा तपशील देऊन लेखी विचारा. काढलेली मूळ सीट भंगारात देऊ नका, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर ठेवा, गाडी विकताना ती परत लावून द्या. आणि सीटमध्ये एअरबॅग असेल, तर दुकानदाराने कितीही खात्री दिली तरी ती सीट आहे तिथेच राहू द्या.